सापळा भरला, तरी संत्रं का गळतं?

*"काटोलजवळ बाबांची संत्र्याची बाग आहे, तीनशे झाडं. अडीचशेंवर नोव्हेंबरात उतरणारा आंबिया बहार आहे, नाल्याकडच्या पन्नासेक झाडांवर फेब्रुवारीत रंग धरणारा मृग बहार धरलाय. मी नागपुरात नोकरी करते, रविवारी गावी जाते. यंदा ऑगस्टमध्ये फळमाशीचे सहा सापळे मीच आणून टांगले. बाटल्या माश्यांनी भरताहेत, पण झाडाखाली फळांचा सडा काही कमी होत नाही. शेजारच्या वावरातले काका म्हणतात, 'पोरीनं सापळे लावून गावभरच्या माश्या बोलावल्या.' बाबांनाही ते पटायला लागलंय, दोन सापळे त्यांनी काढूनही ठेवले. प्रत्येक वेळी मोजलेल्या माश्यांचे आकडे सोबत पाठवते. सापळे ठेवू की काढू?"*

*एक वाचक, नागपूर*

ताई,

सापळे ठेवा. बाबांनी काढलेले दोन पुन्हा टांगा. का ते पुढे सांगतो, पण आधी तुमच्या वहीचं पान बघू. अर्धं उत्तर तुम्हीच त्यावर लिहून ठेवलंय आणि वाचायचं राहून गेलंय.

दोन ते पाच नंबरच्या सापळ्यांची सरासरी तुम्ही काढली आहे: पहिल्यांदा १०, मग १८, मग ११ आणि परवाच्या रविवारी ३०. तिसऱ्या आकड्यापुढे हिरव्या पेनानं 'कमी झाल्या!' असं लिहिलंय. ताई, त्या आठवड्यात माश्या कमी झाल्याच नव्हत्या. तारखा बघा. पोळ्याच्या गडबडीत दुसरी मोजणी रविवारऐवजी मंगळवारी झाली, म्हणजे ९ दिवसांनी. तिसरी पुन्हा रविवारी, म्हणजे ५च दिवसांनी. आकड्याला दिवसांनी भागायचं. एका सापळ्यात एका दिवसाला किती माश्या पडल्या, तेवढंच खरं. तसं केलं की तुमचे आकडे १.४, २, २.२ आणि ४.३ असे येतात. मधे कुठेही उतार नाही, आणि शेवटच्या आठवड्यात माशी जवळजवळ दुप्पट झाली. मारबतीच्या मागं 'ईडा, पीडा घेऊन जा' म्हणून ओरडल्यानं ती गेली असती तर आपलं काम सोपं होतं.

ही दुप्पट कुठून आली, हे कळायला माशीचा हिशेब माहीत हवा. आपल्याकडे ज्येष्ठ बागायतदार 'माशी' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा कोळशी, म्हणजे पानांवरची काळी बुरशी, आणणारी काळी माशी असते. पानाखाली बसून रस पिणारी ती निराळी. ही फळमाशी घरमाशीएवढी, पिवळट-तपकिरी, छातीवर पिवळे पट्टे आणि पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण. पुढच्या रविवारी बाटली वर्तमानपत्रावर रिकामी करा आणि भिंगातून ती खूण बघा. त्यात काही लालसर अंगाच्या, पंखाच्या टोकाला ठिपका असलेल्या माश्याही दिसतील. त्या तिच्याच चुलतबहिणी, त्याच वासाला येतात. मोजणीत धरल्या तरी चालतील.

मादी रंग धरू लागलेल्या फळावर बसते, पोटाच्या टोकाची सुई सालीत खुपसते आणि आत मिलिमीटरभर लांबीची, केळ्यासारखी किंचित वाकलेली पांढरी अंडी घालते. दोनेक दिवसांत अळ्या निघतात. सात ते दहा दिवस त्या गर खातात, तोवर फळ गळून खाली पडतं. मग पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर येते. ही वेळ बघण्यासारखी असते. अळी डोकं-शेपूट जुळवून धनुकली होते आणि टुणकन उडी मारते, हातभर लांब सुद्धा. मऊ माती सापडली की इंच-दोन इंच आत शिरते आणि कोष करते. तांदळाच्या दाण्याएवढा, तपकिरी. सप्टेंबरच्या हवेत आठ-बारा दिवसांनी त्यातून माशी वर येते. आल्याआल्या ती अंडी घालत नाही. आठवडा-दहा दिवस नुसती खाते, मग तिन्हीसांजेला जोडीदार शोधते. म्हणजे अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंत साधारण महिना. एक मादी तिच्या आयुष्यात हजाराच्या घरात अंडी घालू शकते.

आता हे तुमच्या वहीला लावा. सापळ्यातला मिथाईल युजेनॉलचा वास नराला तो वयात आल्यावरच नीट ओढतो. म्हणून परवा बाटलीत पडलेले नर आठ-दहा दिवसांपूर्वी मातीतून निघालेले आहेत, आणि त्यांच्याबरोबर निघालेल्या माद्या याच आठवड्यात अंडी घालायच्या बेतात आहेत. मागे मोजत गेलं तर त्यांची अंडी ऑगस्टमध्ये कुठल्यातरी फळात पडली होती. तुमच्या संत्र्यात नाही, कारण तेव्हा आंबिया हिरवागार होता. हिरव्या सालीतलं तेल पुष्कळ अंडी-अळ्या मारून टाकतं. मग कुठे?

एक नंबरचा सापळा बघा. त्याचे आकडे तुम्ही 'हा वेगळाच आहे' म्हणून सरासरीतून वगळले: ३८, ७४, ५५ आणि १६४. तो विहिरीजवळ आहे, आणि पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात की विहिरीजवळ पेरूची सहा-सात झाडं आहेत, 'पावसाळ्यात पेरू कुणी खात नाही, पडून सडतात'. ताई, तीच नर्सरी. पावसाळ्यातला पेरू म्हणजे फळमाशीचं माहेर. सहा झाडांखाली कुणी न उचललेले पेरू तुमच्या तीनशे संत्र्यांसाठी माश्या वाढवत बसलेत. या रविवारी बाकी काही झालं नाही तरी चालेल, पण त्या झाडांवरचे आणि खालचे सगळे पेरू, हिरवे-पिकले न बघता, काढून टाका. पुढच्या वर्षी पावसाळी बहारच धरू देऊ नका. हिवाळ्यातले पेरू खा, तेच गोड असतात.

सहा नंबरचा सापळा चार मोजण्यांत मिळून एकच माशी दाखवतो. 'तिकडे माशी नाही' असा अर्थ तुम्ही घेतलात. मला शंका वेगळी आहे. बाबा त्या बाजूला उन्हाळ्यात कारली-दोडकी लावतात असं तुम्हीच लिहिलंय. सापळा घरात पडलेला जुना होता का? वेलवर्गीय भाज्यांवरची फळमाशी निराळी, तिला क्यू-ल्यूरचा वास लागतो. त्या वासाची वडी (बाटलीत ठेवतात तो वासाचा ठोकळा) संत्र्याच्या बागेत टांगली तर आपली माशी ढुंकूनही बघत नाही. बाटल्या दिसायला सारख्याच, दुकानदारही कधीकधी हातात येईल ती देतो. वडीचं पाकीट वाचा.

आता काकांच्या म्हणण्याबद्दल. ते अगदीच खोटं बोलत नाहीत. मिथाईल युजेनॉलचा वास काही शे मीटरवरून नर ओढून आणतो, तेव्हा त्यांच्या वावरातले नर तुमच्या बाटलीत मरताहेत हे खरं. पण नराकडे सुईच नसते, तो फळाला काहीही करत नाही. फुकटात त्यांचीच बाग थोडी हलकी होते आहे, हे त्यांना चहा पाजून सांगा.

या वासाची गोष्टही गमतीची आहे. १९१२ च्या सुमारास बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डास जावेत म्हणून रुमालावर सिट्रोनेला तेल लावलेल्या त्यांच्या शेजाऱ्याला फळमाश्यांनी घेरलं. जमलेल्या सगळ्या माश्या नर निघाल्या. हॉवलेट त्या वासाच्या मागे लागले आणि १९१५ मध्ये मिथाईल युजेनॉलपर्यंत पोचले. आज जगभर टांगलेल्या लाखो सापळ्यांचं मूळ त्या रुमालात आहे. आपल्या तुळशीतही हाच पदार्थ असतो. अंगणातली पानं चुरगळून ठेवा आणि सकाळी बघा, दोनचार नर हजर असतील. आणि वडी हाताळल्यावर हात साबणानं धुवा, नाहीतर रविवारी संध्याकाळच्या एसटीत माश्या तुमच्याबरोबर नागपूरला येतील.

पण यातूनच सापळ्याची मर्यादा कळते. तो नर मारतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि आधीच जोडी झालेल्या माद्या बागेत आहेतच. तीनशे झाडांना सहा सापळे माशीची नाडी बघायला पुरेत, माशी संपवायला नाहीत. नर एवढे कमी करायचे की माद्यांना जोडीदारच मिळू नये, तर हेक्टरी २५ च्या आसपास सापळे लागतात आणि ते तोडणीच्या दोन महिने आधी टांगावे लागतात. शिवाय आजूबाजूच्या बागांनी एकाच वेळी टांगले तर गुण येतो. तुमची तोडणी नोव्हेंबरमध्ये धरली तर यंदासाठी वेळ अजून हातातून गेलेली नाही. पण उद्याच वीस सापळ्यांची ऑर्डर देऊ नका. आधी खाली पडलेली फळं कापा.

कारण तुमची सगळी फळगळ माशीची आहे, असं मला पत्रावरून वाटत नाही.

इथे माझी एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी नरखेडकडच्या एका बागेत मी सडकी फळं फोडली, आत बारीक अळ्या वळवळत होत्या, आणि मी छातीठोकपणे 'फळमाशी' सांगून मोकळा झालो. बागायतदारानं खर्च केला, गळ तशीच. मग त्याच्या म्हाताऱ्या आईनं सांगितलं, 'बापू, रात्री येऊन बघा.' रात्री आठला बॅटरी घेऊन गेलो, तर फळाफळावर अंगार चमकत होते. रसशोषक पतंगांचे डोळे. पतंग सोंड खुपसून रस पितो, भोक पडतं, बुरशी शिरते, फळ गळतं. मी पाहिलेल्या अळ्या होत्या चिलटांच्या, स्वयंपाकघरात पिकल्या केळ्यांवर घोंगावतात त्या. गळून चार दिवस झालेल्या फळात अळी सापडणं हा कशाचाच पुरावा नाही. सडलेल्यात कुणीही राहायला येतं.

म्हणून रविवारी पहाटे, झाडलोट व्हायच्या आधी, त्याच रात्री गळलेली वीस फळं उचला. ताजी, टणक. धुवून पुसा आणि हातात घेऊन दाबा. टाचणीएवढ्या भोकातून रसाची चिळकांडी उडाली आणि कापल्यावर त्या भोकाखाली गर कोरडा, स्पंजसारखा निघाला, अळी नाही, तर पतंग. डंखाभोवती साल अकाली पिवळी, दाबली तर मऊ, आणि आत पांढऱ्या अळ्या ज्या पाटीवर टाकल्या की उडी मारतात, तर फळमाशी. देठाकडून काळपट होत गेलेलं फळ बुरशीचं. आणि वरून-आतून निर्मळ, कुठेही खूण नाही असं फळ झाडानंच सोडलेलं असतं: पाण्याचा ताण, पाणी साचणं, अन्नद्रव्यांची कमतरता. चार ढीग करा, वहीत मांडा. अंड्यावर किंवा अगदी लहान अळीवर शंका असेल तर पाचसहा फळं बादलीत ओलसर मातीवर ठेवून वर मलमलचं फडकं बांधा आणि सावलीत ठेवा. तीन आठवड्यांच्या आत फडक्याखाली जे उडेल ते तुमचं उत्तर.

पतंगाचा ढीग मोठा निघाला तर उपाय वेगळा. त्याच्या अळ्या संत्र्यावर वाढतच नाहीत, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. बागेभोवतीच्या त्या वेली काढा, तिन्हीसांजेला चार ठिकाणी धूर करा. औषधी म्हणून गुळवेल ठेवायचीच असेल तर घराजवळ ठेवा, वावराच्या कडेला नको.

माशीचा ढीग मोठा निघाला तर सगळ्यात मोठं काम टोपलीचं आहे. गळलेलं फळ रोज उचलायचं, फार तर दिवसाआड. आठवड्यानं उचलून उपयोग नाही, तोवर अळी मातीत गेलेली असते. तुम्ही रविवारीच असता, तेव्हा हे काम बाबांना किंवा रोजच्या गड्याला पटवावं लागेल. उचललेलं फळ उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकणं म्हणजे माश्या सुखरूप पोचवून देणं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा, उन्हात दहा-बारा दिवस राहू द्या. नाहीतर दोन फूट खोल पुरा आणि माती धुमसून दाबा. उथळ खड्ड्यातून कोवळी माशी भुसभुशीत माती सारत वर येते. धुऱ्यापलीकडे काकांच्या बाजूला टाकत असाल तर तेही बंद करा, आणि ते तुमच्या बाजूला टाकत असतील तर चहाच्या वेळी हाही विषय काढा.

झाडाखालची माती खुरप्यानं वरवर हलवली की कोष उघडे पडतात, उन्हानं, मुंग्यांनी, पाखरांनी मरतात. कोंबड्या सोडल्या तर आणखी बरं. पण वखर घालू नका. संत्र्याची मुळं वरच्या थरात असतात, तुटली की डिंक्या रोगाला वाट मोकळी.

फवारणीबद्दल थोडक्यात. माशीला अंडी तयार करायला प्रथिनं लागतात, म्हणून प्रथिनांचं किंवा गुळाचं आमिष आणि कीटकनाशक मिसळून झाडाच्या एका भागावर ठिपके मारतात. मादीवर चालणारा हाच मार्ग. सगळं झाड भिजवायची गरज नसते. औषध कोणतं आणि किती, ते लेबलवर संत्रा लिहिलेलं बघून आणि गावच्या कृषी अधिकाऱ्याला विचारूनच, फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे तेही त्याच वेळी. अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था तुमच्यापासून दूर नाही. शंकेची फळं डब्यात घालून तिथे दाखवायला नेता येतील.

बाबांसाठी वहीच्या मागच्या पानावर माशीचं वर्ष लिहून ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, कोरड्या तापलेल्या मातीत कोष मरतात. माशी ओलिताच्या, सावलीच्या जागा धरून तग धरते: आमराई, विहिरीचा काठ. उशिराच्या आंब्यात ती पिढी काढते. पाऊस पडला, माती मऊ झाली की पेरूत शिरते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आंबिया पिवळा व्हायला लागला की संत्र्यावर येते. थंडीत ती झोपत नाही, नुसती मंदावते. रात्री दहा-बारा अंशांच्या असल्या की कोष लांबतो, सापळ्यात आठवडाभर दोनच पडतात आणि माणसाला वाटतं संपली. फेब्रुवारीत ऊन तापतं तेव्हा तुमच्या पन्नास झाडांवरचा मृग रंग धरत असतो.

तेव्हा नोव्हेंबरात आंबिया उतरला म्हणून बाटल्या गुंडाळून माळ्यावर टाकू नका. दर दीड-दोन महिन्यांनी वडी बदला, नव्या वडीची तारीख बाटलीवर लिहा, आणि जानेवारीच्या शेवटच्या रविवारी दोन सापळे नाल्याकडे सरकवा. डोक्याएवढ्या उंचीवर, सावलीत, पानं बाटलीला टेकणार नाहीत असे. तारेला ग्रीस लावा, मुंग्या मेलेल्या माश्या ओढून नेतात आणि वहीत आकडा खोटा पडतो. बाटलीत शंभरावर माश्या असतील तर एकेक मोजत बसू नका. एक चहाचा चमचा भरून मोजा, मग चमचे मोजा.

वीस फळांचे चार ढीग कसे पडले ते मला कळवा, आणि पेरू काढल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या रविवारी एक नंबरच्या सापळ्यात किती निघाल्या तेही. दिवसांनी भागून.